खतामागचा हिशेब : घर, गहाण आणि निवृत्तीची तारीख

१९७४ च्या नोव्हेंबरपासून १९८८ च्या फेब्रुवारीपर्यंत आमचे डोंबिवलीचे दोन खोल्यांचे घर भारताच्या राष्ट्रपतींकडे गहाण होते. या काळात, हंगामी सोडले तर, चार राष्ट्रपती झाले. गहाणखत मात्र एकच राहिले. वडील हे वाक्य पाहुण्यांना विनोद म्हणून ऐकवत. पण सांगून झाल्यावर ते स्वतः कधी हसल्याचे मला आठवत नाही.

यात अतिशयोक्ती नव्हती. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना घरासाठी आगाऊ रक्कम देण्याची योजना १९५६ साली सुरू झाली. तिच्या नियमांनुसार घराचे गहाणखत राष्ट्रपतींच्या नावे करून द्यावे लागे. मुद्दल जास्तीत जास्त १८० मासिक हप्त्यांत पगारातून कापले जाई. ते संपल्यावर त्यावरचे सरळ व्याज आणखी जास्तीत जास्त ६० हप्त्यांत. म्हणजे सगळे मिळून वीस वर्षे. आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत जे फिटणार नाही, ते ग्रॅच्युइटीतून वळते होई.

वडिलांचे कर्ज २१,६०० रुपयांचे होते. १८० हप्ते धरले तर महिना १२० रुपये. पहिला हप्ता जानेवारी १९७५ च्या पगारातून कापला गेला. त्या हिशेबाने मुद्दल फिटायला १९८९ ची अखेर उजाडली असती आणि व्याजासह सुटका १९९४ च्या अखेरीस झाली असती. वडील निवृत्त होणार होते मे १९८८ मध्ये, ५८ पूर्ण झाल्यावर. कर्जाची मुदत नोकरीच्या मुदतीहून साडेसहा वर्षांनी लांब होती. माझ्या लहानपणीचे आमचे घर, त्यातला स्वयंपाक, कपडेलत्ते, सुट्ट्या, भांडणे, हे सारे त्या साडेसहा वर्षांच्या फरकाने ठरवले होते, असे आता कागद चाळताना वाटते.

पगारदार मराठी माणसाने पोटाला चिमटा काढून निवृत्तीपूर्वी घर सोडवले, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. तिच्यात काटकसर हा संस्कार असतो, कर्जमुक्ती हे फळ असते. मला प्रश्न पडतो तो असा : ही घाई नेमकी आली कुठून, आणि तिचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला?

ताबेगहाण

‘गहाण’ हा शब्द आपल्याकडे घरापेक्षा शेताशी जोडलेला आहे. नजरगहाण म्हणजे जमीन ऋणकोच्या ताब्यात राहून तिच्यावर बोजा चढणे. ताबेगहाण म्हणजे जमीन सावकाराच्या ताब्यात जाणे. बहुतेकदा मूळ मालकच मग तिच्यावर कूळ म्हणून राबे. मुदत खरेदी म्हणजे ठरलेल्या दिवशी पैसे न फिटल्यास जमीन कायमची गेली. तीन शब्द, तीन पायऱ्या, आणि खाली जाणारा जिना एकच.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि तिथून दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता, नव्या पाहणीत सारा वाढला होता आणि सावकारांनी हात आखडता घेतला होता. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे, की लोकांना मुख्यतः खते आणि रोखे हवे होते. कागद हाती आले की ते जाळून लोक माघारी फिरत. जिथे कागद निमूटपणे मिळाले, तिथे मारहाण फारशी झाली नाही. निरक्षर कुणब्याला कागदाचे सामर्थ्य बरोबर उमगले होते. घेतले किती आणि फेडले किती, हे त्याला तोंडपाठ असे. पण न्यायालय ते ऐकत नसे. न्यायालय खत वाचत असे.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला तो या अनुभवातून. त्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी, की न्यायाधीशाने केवळ खतावर विसंबू नये. खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब करावा. मूळ रक्कम किती, व्याज किती, मधल्या काळात फेड किती, व्याजाचे मुद्दल कितीदा झाले, हे तपासावे. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केले. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियमही मुंबई इलाख्यातील न्यायालये मानत होती. तरीही गावोगावच्या लोकांच्या मनात उरला तो कायदा नव्हे, भीती. गहाण पडले ते गेले, ही ती भीती.

आमच्या आजोबांचे सातारा जिल्ह्यातील दीड एकर रान असेच ताबेगहाण पडले होते. वडील शाळेत असताना त्याच रानात मजुरीने भांगलायला गेले होते. पुढे ते मुंबईला येऊन केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून झाले. पण गहाण हा शब्द ऐकला की त्यांच्या डोळ्यांपुढे इमारत येत नसे, ते रान येई.

भाड्याची खोली ते मालकीचे घर

मुंबईतल्या पगारदाराला घर विकत घ्यावे लागणे ही तशी अलीकडची गोष्ट. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारकून, शिक्षक, गिरणी कामगार भाड्यानेच राहत. मालकीचा विचार प्रथम सहकाराच्या वाटेने आला. १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. सभासदांनी भाग घ्यायचे, संस्थेने इमारत बांधायची आणि मालकी संस्थेकडे ठेवून सभासदांनी राहायचे, अशी ती कल्पना होती. एकट्याने कर्ज काढून घर घेण्याचा विचार तोवर पगारदाराच्या आवाक्यात नव्हता.

मग १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर भाडी गोठवली गेली. ज्याच्याकडे खोली होती, तो सुरक्षित झाला. गिरगावात, दादरला अनेक कुटुंबांनी दोन-तीन पिढ्या त्याच जुन्या भाड्यात काढल्या. परंतु भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणे मालकांना परवडेनासे झाले. नंतर शहरात येणाऱ्याला खोली हवी तर पागडी मोजावी लागे. पागडीला बँक कर्ज देत नसे आणि पावतीही मिळत नसे. बिल्डरांनी भाड्याऐवजी मालकीचे ब्लॉक विकायला सुरुवात केली. त्यातील फसवणुकीला आळा घालण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्राने मालकी सदनिकांचा कायदा केला. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बोरिवली ही गावे याच काळात पगारदारांनी भरू लागली. चाळीतला भाडेकरू लोकलचा पास काढून मालक झाला, तो असा.

पैसा कुठून आणायचा? बँका सामान्य माणसाला घरासाठी सहसा कर्ज देत नव्हत्या. उरले ते नोकरीशी बांधलेले मार्ग : सरकारी आगाऊ रक्कम, भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे, विम्याच्या पॉलिसीवरचे कर्ज आणि पगारदारांची पतपेढी. या सर्वांचे सूत्र एक होते. वसुली पगारपत्रकातून, हातात पैसे पडण्याआधीच होई. ती सावकाराच्या दारी जाण्यापेक्षा सभ्य होती, यात शंका नाही. पण तिने कर्जाला एक अटळ अंतिम तारीख दिली. पगार थांबला की फेड थांबणार. निवृत्तीपूर्वी कर्जमुक्त व्हावे, ही शिकवण आपण संतवचनासारखी उच्चारतो. तिचा निम्मा भाग ताबेगहाणाच्या आठवणीतून आला असेल, तर उरलेला निम्मा पगारपत्रकाच्या रकान्यातून आला आहे.

आईच्या वह्या

वडिलांच्या फायलीत कर्जाची प्रत्येक चिठ्ठी आहे. आईच्या वह्यांत बाकी सगळे आहे. शंभर पानी, पिवळ्या कागदाच्या अशा अकरा वह्या. ग्रॅच्युइटीला हात लावू द्यायचा नाही, हा निर्णय १९७९ च्या दिवाळीनंतर झाला असावा, कारण जानेवारी १९८० पासून हप्ता १२० वरून २०० रुपये झालेला दिसतो. वडिलांनी कचेरीत अर्ज देऊन तो वाढवून घेतला होता. तोवर ६० हप्त्यांत ७,२०० रुपये फिटले होते. उरलेले १४,४०० रुपये २०० च्या हप्त्याने ७२ महिन्यांत, म्हणजे डिसेंबर १९८५ मध्ये, फिटले. त्यानंतर व्याजाचे हप्ते मोठे करून १९८७ अखेर तेही संपवले.

हप्ता ८० रुपयांनी वाढला तेव्हा पगार वाढला नव्हता. ते ८० रुपये कुठून आले, हे वह्यांत सापडते. दूध एक लिटरचे पाऊण लिटर झाले. वडिलांच्या शर्टांच्या कॉलर विरल्या की आई त्या उसवून उलटून शिवत असे, म्हणजे शर्ट आणखी दोन वर्षे चाले. आमच्या गणवेशाच्या परकरांना खाली चार बोटे दुमड असे आणि दर जूनला एक बोट सुटे. गणपतीला गावी जायचे ते वर्षाआड. दिवाळी अंक विकत न घेता वाचनालयाची योजना घ्यायची, तीही दोन घरांत मिळून. त्यामुळे आमच्याकडे दिवाळी अंक येईपर्यंत संक्रांत उलटलेली असे.

या काटकसरीला घराबाहेरचाही आधार होता. १९४८ साली नायगावच्या गिरणी वस्तीत सुरू झालेला अपना बाजार होता. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या काही कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, माल घाऊक भावाने एकत्र घ्यायचा आणि कोणाच्या तरी घरी बसून तो वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. आमच्या मजल्यावर हे वाटप आई आणि शेजारच्या तिघी करत. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे घ्यायला महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एक बाई दर महिन्याला येत. ही योजना १९७२ ची. तेव्हाच्या मध्यमवर्गीय बचतीची यंत्रणा पाहिली तर तिची कार्यालये शहरात होती, पण प्रत्यक्ष काम चालायचे जिन्यांवर आणि स्वयंपाकघरांत, आणि ते बायका बिनपगारी किंवा अल्पशा कमिशनवर करत.

व्याजाचे दोन जमाने

येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. आमच्या घराला घाई करण्याचे आर्थिक कारण तसे दुबळे होते. सरकारी कर्जावर सरळ व्याज होते, चक्रवाढ नव्हते. हप्ता रुपयांत ठरलेला होता आणि रुपया दरवर्षी हलका होत होता. १ जानेवारी १९८६ पासून चौथ्या वेतन आयोगाचे पगार लागू झाले, तेव्हा जुन्या हिशेबाचा १२० रुपयांचा हप्ता वडिलांना जाणवलाही नसता. निव्वळ गणित पाहणाऱ्याने हे कर्ज शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवून हातातला पैसा इतरत्र गुंतवला असता.

घाई खरोखर शहाणपणाची ठरली ती पुढच्या पिढीत. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली. आयसीआयसीआयमधून निवृत्त झाल्यावर, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी हे काम हाती घेतले. माणसाने निवृत्तीच्या पैशातून म्हातारपणी घर घेण्याऐवजी कमावत्या वयात कर्ज काढून घ्यावे, हा विचार त्यामागे होता. १९८८ साली राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली, १९८९ साली आयुर्विमा महामंडळाने गृहकर्जासाठी वेगळी कंपनी काढली. सरकारी नोकरी नसलेल्यालाही कर्ज मिळू लागले, ही मोठी गोष्ट घडली. पण नव्वदच्या दशकात त्याचा व्याजदर पंधरा टक्क्यांच्या आसपास असे, आणि अनेक संस्था वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लक रकमेवर पूर्ण वर्षाचे व्याज लावत. एप्रिलपासून भरलेले हप्ते मुद्दलातून वजा होत ते मार्चअखेर.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. १ लाख रुपये, १५ टक्के, १५ वर्षे. या पद्धतीने महिन्याचा हप्ता सुमारे १,४२५ रुपये येतो. पहिल्या वर्षी सुमारे १७,१०० रुपये भरले जातात. त्यातील १५,००० व्याजात जातात. मुद्दल कमी होते ते जेमतेम २,१०० रुपयांनी. पंधरा वर्षांत एकूण भरणा होतो अडीच लाखांहून अधिक. दामदुपटीचा नियम आठवणाऱ्याने इथे थोडे थांबावे. आता समजा, पहिल्या वर्षाच्या मार्चअखेरीस कुणी बोनसचे किंवा बचतीचे १०,००० रुपये जादा भरले. हप्ता तोच ठेवला, तर कर्ज जवळजवळ साडेतीन वर्षे आधी संपते आणि पुढचे सुमारे ५८ हजार रुपयांचे हप्ते टळतात. कर्जाच्या सुरुवातीला वाचवलेला रुपया शेवटी सहापटीच्या जवळ जातो. तोच रुपया चौदाव्या वर्षी भरला तर त्याची किंमत रुपयाच्या फार वर जात नाही. नव्वदच्या दशकात बँकेच्या रांगेत ३१ मार्चला चेक घेऊन उभी असणारी माणसे वेडी नव्हती.

पण हे गणित माहीत असलेल्या त्या पिढीला घाईची सवय मात्र आधीच्या पिढीकडून मिळाली होती, जिने ती गणितातून घेतली नव्हती. आमच्या घरात ती रानातून आली होती.

दुसरे गहाण

वडील गेल्यावर मी फाइल आणि वह्या पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवल्या. घराची किंमत २९,००० रुपये होती. सरकारी कर्ज २१,६००, भविष्य निर्वाह निधीतून काढलेले ५,०००. फाइलमध्ये बेरीज २६,६०० वर थांबते. राहिलेले २,४०० रुपये तिसऱ्या वहीत, मागच्या पानावर आहेत : ‘पाटल्या चार, सहा तोळे, ठेवल्या’. सोबत सराफाची एक चिठ्ठी टाचणीने लावलेली, तारीख नोव्हेंबर १९७४, व्याज दरमहा शेकडा दीड.

म्हणजे त्या नोव्हेंबरात आमच्या घराने दोन गहाणे केली होती. एकाचे खत नोंदलेले, मुद्रांकाच्या कागदावर, राष्ट्रपतींच्या नावे. दुसऱ्याची बोटभर चिठ्ठी. एकावर सरळ आणि सौम्य व्याज. दुसऱ्यावर वर्षाला अठरा टक्के. पाच वर्षे आईने ते व्याज घरखर्चातून भरले, दरमहा ३६ रुपये, आणि मुद्दल तसेच राहिले. १९७९ च्या अखेरीस, हप्ता वाढवायचा निर्णय झाला त्याच सुमारास, ३६ रुपयांची नोंद बंद होते. पुढे एक ओळ आहे : ‘सराफाकडे मोकळे केले’. मोकळे केले म्हणजे पाटल्या सोडवल्या नाहीत. त्या विकून हिशेब मिटवला. वाचलेले ३६ रुपये वाढीव ८० मध्ये गेले. १९७४ ते १९८० या काळात सोने दुपटीहून अधिक महागले होते. कर्ज वजा जाऊन आईच्या हातात काही रक्कम आलीच असणार, पण ती कुठे गेली, ते वहीत नाही. फाइलमध्ये तर नाहीच.

हिशेबाच्या दृष्टीने हा उफराटा कारभार होता. दोन कर्जे असतील तर महाग कर्ज आधी फेडावे आणि स्वस्त कर्ज चालू ठेवावे, हे कोणीही सांगेल. आमच्या घराने स्वस्त कर्जाची घाई केली आणि महाग कर्जाला आपली वस्तू देऊन टाकली. दोघेही हिशेबाला पक्के होते, वडील तर हिशेबाच्याच कचेरीत होते. मग असे का झाले? कारण त्या घरात एकाच व्यवहाराला गहाण म्हणत. दुसऱ्याला ‘ठेवणे’ म्हणत. घर गहाण असणे ही कुटुंबाची अब्रू होती, तिला निवृत्तीची तारीख होती, कचेरीत तिची नोंद होती. पाटल्या ठेवणे ही घरातली सोय होती.

याबद्दल मी आईला विचारले होते. तेव्हा ती ८१ वर्षांची होती. चिठ्ठी तिने ओळखली. म्हणाली, ‘‘घर सुटलं ना? मग पाटल्यांचं काय घेऊन बसलीस.’’ थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, ‘‘ह्यांना सांगितलं होतं मी, आधी पाटल्या सोडवू म्हणून. ते म्हणाले, सोनं काय पुन्हा करता येईल, रान गेलं ते आलं का?’’ पाटल्या पुन्हा केल्या गेल्या नाहीत. घर वडिलांच्या एकट्याच्या नावावर होते. पाटल्या आईच्या माहेरच्या होत्या, म्हणजे शब्दशः स्त्रीधन.

मी हे वडिलांवर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. त्यांच्या पिढीने डोक्यावरचे छप्पर शाबूत ठेवून आम्हाला शिकवले, आणि ग्रॅच्युइटी अखंड हाती आल्यामुळेच माझे पुढचे शिक्षण झाले. पण काटकसरीचा इतिहास लिहायचा तर १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशांना जे सांगितले, ते आपण आपल्या घरांपुरते तरी केले पाहिजे. खताच्या मागे जाऊन मुळापासून हिशेब मांडला पाहिजे. अलीकडे कागद थोडे बदलले आहेत. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत घर घरातील स्त्रीच्या नावे किंवा संयुक्त नावे असण्याची अट आली. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. घर घेताना कोणाच्या काय कामी आले, याची नोंद मात्र अजूनही वहीच्या मागच्या पानावरच राहते.

मुदत लांबत जाते

निवृत्तीची ती तारीख आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. केंद्र सरकारमध्ये १ जानेवारी २००४ पासून आणि राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन नव्हते. त्यांच्यासाठी बाजाराशी जोडलेली योजना आली. पूर्वी कर्ज थोडे उरलेच, तर निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी विकून ते भागवता येई. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होई. खाजगी नोकरीत तर तोही आधार कधीच नव्हता. दुसरीकडे कर्जे वीस, पंचवीस, तीस वर्षांची झाली आणि व्याजदर बदलते झाले.

बदलत्या दराची करामत अनेकांना २०२२ साली कळली. त्या मे महिन्यापासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. समजा, कुणी ५० लाखांचे कर्ज ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी नुकतेच घेतले होते. हप्ता सुमारे ३८,७६५ रुपये. दर ९.५ टक्के झाला, तर महिन्याचे नुसते व्याजच ३९,५८३ रुपये होते. हप्ता तोच ठेवला तर हे कर्ज कधीच फिटणार नाही. उलट दरमहा वाढेल. हप्ता वाढवू नये म्हणून अनेक ठिकाणी मुदत वाढवली गेली, आणि पन्नाशीतल्या लोकांना आपले कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेल्याचे एखाद्या संदेशावरून समजले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारले पाहिजे. त्याआधी २०१२ साली बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकांनी मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ नये, असेही तिने सांगितले होते. म्हणजे घाई करायला आज मोकळीक आहे आणि कारणही सबळ आहे. नाही ती फक्त आठवण. आजच्या तिशीतल्या माणसाच्या बोलण्यात कर्ज हा हप्ता असतो. गहाण हा शब्द त्यात येत नाही.

तो यावा, असे मला वाटते. भीती परत यावी म्हणून नव्हे. ज्याला गहाण म्हटले जाते, त्याचा हिशेब होतो, म्हणून. आमच्या घरात राष्ट्रपतींच्या गहाणाचा पै-पैचा हिशेब झाला आणि पाटल्यांचा झाला नाही, कारण पहिल्याला नाव होते. आजच्या घरांतही नाव नसलेली गहाणे असतात. पुढे ढकललेले दाताचे काम असते, कुणी तरी सोडलेली नोकरी असते, आईवडिलांच्या ठेवीतून काढलेले सुरुवातीचे पैसे असतात.

आणखी एक नियम २०२३ सालचाच आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत केली नाहीत, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यावेत. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. हे वाचून मला फेब्रुवारी १९८८ मधला एक दिवस आठवला. वडील गहाण सोडल्याचा दस्त घेऊन संध्याकाळच्या लोकलने आले. त्यांनी तो देवापुढे ठेवला, मग ट्रंकेत. आईने त्या दिवशी गोड म्हणून शिरा केला होता. वहीत त्याची नोंद आहे : रवा पाव किलो, साखर पाव किलो, तूप शंभर ग्रॅम. त्याखाली त्या महिन्याची बाकी, आणि अकरा वह्यांत प्रथमच, हप्त्याच्या रकान्यात एक शून्य.

दस्त आणि सराफाची चिठ्ठी मी आता एकाच पाकिटात ठेवली आहे. पाकिटावर दोन्ही रकमा लिहिल्या आहेत.